मार, जाते आणि अभंग : घरातल्या हिंसेला स्त्रियांनी दिलेला स्वर

सतराव्या शतकातील कोल्हापूर. एका विद्वान ब्राह्मणाच्या वाड्यात आश्रयाला राहिलेल्या कुटुंबातील अकरा वर्षांच्या मुलीला तिचा तिशी ओलांडलेला नवरा वेणी धरून मारतो, आणि मारून झाल्यावर बांधून ठेवतो. अशी घटना त्या काळात कोणत्याही गावात घडत असणार. तिची नोंद ना कोणत्या बखरीत होई, ना कोणत्या महजरात. ही एक घटना मात्र आपल्याला ठाऊक आहे, कारण ती मार खाणारीनेच पुढे अभंगांत सांगितली. तिचे नाव बहिणा, म्हणजे संत बहिणाबाई.

प्रथम एक खुलासा. ‘बहिणाबाई’ म्हटले की आज बहुतेकांना खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्या १८८० ते १९५१ या काळातल्या. इथली बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीची. जन्म १६२८, मृत्यू १७००. तुकारामांची शिष्या. संतपरंपरेला मंदिराची उपमा देऊन पायापासून कळसापर्यंत एकेका संताचे स्थान सांगणारा सर्वपरिचित अभंग या बहिणाबाईंचा आहे. तो अभंग पाठ असलेल्या अनेकांना त्यांचे ‘आत्मनिवेदन’ मात्र अपरिचित असते. आपल्या आयुष्याची हकीकत त्यांनी शंभराहून अधिक अभंगांत सांगितली आहे. भारतीय भाषांतील स्त्रीने स्वतः सांगितलेल्या आत्मचरित्रांपैकी हे अगदी आरंभीचे एक होय.

जन्म वेरूळजवळच्या देवगावचा. वडील आउदेव कुलकर्णी, आई जानकी. कळू लागण्याच्या आधीच बहिणेचे लग्न झाले. नवरा शिऊरचा, पाठक आडनावाचा, बिजवर, वयाने कितीतरी मोठा आणि वेदविद्येचा अभिमान बाळगणारा. ती नऊ वर्षांची असताना वडील भाऊबंदकीच्या आणि देण्याच्या कचाट्यात सापडले आणि सगळ्या कुटुंबाने रातोरात गाव सोडले. मग गोदेच्या काठाने भटकंती, भिक्षा मागत प्रवास, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर. तिच्या कथनात या भटकंतीविषयी तक्रार नाही. उलट त्या वाटेवर कानी पडलेल्या कथा-कीर्तनांची गोडी तिने आवर्जून सांगितली आहे. अकराव्या वर्षी हे कुटुंब कोल्हापुरात पोहोचले आणि बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी उतरले.

पुढच्या कथेत एक वासरू येते. दान मिळालेल्या गाईचे हे वासरू बहिणेला इतके लागले की ती जवळ नसेल तर चारापाण्याला तोंड लावीना. ती कीर्तनाला जाई तेव्हा तेही मागोमाग येई. एकदा जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले, तर ते हंबरडा फोडू लागले. स्वामींनी त्याला आत आणवले आणि वासराच्या व त्या मुलीच्या, दोघांच्याही मस्तकावरून हात फिरवला. गावात चर्चा झाली. कोणीतरी ती नवऱ्याच्या कानावर घातली, आणि वर सांगितलेला प्रसंग घडला.

मार बसला तो या कारणाने. मुलीने कोणताही अपराध केला नव्हता. चारचौघांत तिच्याकडे लक्ष गेले, तिला मान मिळाला, एवढेच. बहिणाबाईंच्या कथनात नवऱ्याचा राग वारंवार याच ठिकाणी उसळतो. लोक तिला पाहायला येतात, तिच्याशी बोलू पाहतात, आणि घरच्या कर्त्या पुरुषाला मात्र कोणी विचारत नाही. मारहाणीमागे असणारा हा मत्सर इतक्या नेमकेपणाने टिपलेला त्या शतकातल्या दुसऱ्या मराठी ग्रंथात क्वचितच सापडेल.

पुढे ते वासरू मरण पावले. बहिणा कित्येक दिवस शुद्धीवर नव्हती. त्या अवस्थेत तिला तुकारामांचे दर्शन झाले, त्यांनी मंत्र दिला, असे ती सांगते. प्रत्यक्षात तिने तोवर तुकारामांना पाहिलेले नव्हते, त्यांची पदे तेवढी ऐकली होती. आता नवऱ्याच्या रागाला दुसरे कारण मिळाले. वेदपाठी ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र म्हणवणाऱ्या वाण्याला गुरू मानावे, हे त्याला सहन होईना. त्याने तिला टाकून देण्याचे ठरवले. त्या वेळी ती गर्भवती होती. ऐन निघण्याच्या वेळी तो स्वतः तापाने फणफणला, अंथरुणाला खिळला, आणि या आजारपणात त्याचे मन पालटले, असे कथन सांगते. मग सारे कुटुंब देहूला गेले. तिथेही मंबाजी गोसाव्याचा जाच वाट्याला आलाच. पण तुकारामांचे प्रत्यक्ष दर्शन तिथे झाले, आणि अभंगरचनेची स्फूर्ती आपल्याला देहूला, इंद्रायणीच्या काठी मिळाली, असे बहिणाबाई म्हणतात.

आता ही रचना नेमके काय करते ते पाहायला हवे. वारकरी अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते. ‘तुका म्हणे’ सर्वांच्या ओळखीचे आहे. तसेच इथे ‘बहिणी म्हणे’ येते. परंपरेने तो केवळ संकेत आहे, कोणत्याही संतकवीच्या गाथेत शेकडो वेळा येणारा. परंतु जिला घरात शब्द उच्चारण्याची मुभा नाही, जिच्या बाजूने बोलायला आईवडीलही धजावत नाहीत, तिच्या बाबतीत या संकेताचा अर्थ बदलतो. आईवडील असहायपणे पाहत राहिले, हेही तिने लिहून ठेवले आहे. मारहाणीच्या प्रसंगाचा अभंग संपतो तेव्हा शेवटचा शब्द मारणाऱ्याचा नसतो. तो ‘म्हणणारी’चा असतो. शंभरावर अभंगांत प्रत्येक वेळी ‘म्हणे’ या क्रियापदाची कर्ती तीच आहे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. घडलेले सर्व ती क्रमाने सांगते. वय किती, गाव कोणते, घर कोणाचे, कीर्तन कोणाचे, चहाडी कोणी केली, कोणाच्या देखत मारले. संतचरित्रांत असा तपशील सहसा गळून जातो आणि चमत्कार तेवढे उरतात. इथे चमत्कार आहेतच, पण त्यांच्या आजूबाजूला साक्षीदाराने जबानी द्यावी तसा तपशील आहे. अनेक वर्षांनंतर, मुलाबाळांची आई झालेल्या, संत म्हणून मान्यता पावलेल्या स्त्रीला तो प्रसंग विसरता आला असता, निदान लपवता आला असता. तिने तसे केले नाही.

तिसरी गोष्ट या कथेतील सर्वांत विलक्षण म्हणावी लागेल. ‘वज्रसूची’ हे संस्कृत प्रकरण बहिणाबाईंनी मराठीत आणले. त्या प्रकरणाचा एकच प्रश्न आहे : ब्राह्मण कोण? जन्माने, देहाने, वर्णाने, विद्येने की कर्माने? एकेक उत्तर घेऊन ते खोडून काढले जाते आणि ज्याला ब्रह्म कळले तोच ब्राह्मण, इथे विवेचन येऊन पोहोचते. आता कोल्हापूर पुन्हा आठवावे. ‘आपण ब्राह्मण, आपला तुक्याशी काय संबंध’ हाच नवऱ्याचा आक्षेप होता. मार त्या आक्षेपाच्या जोडीने आला होता. त्याला तेव्हा उत्तर देणे अशक्य होते. बहिणाबाईंनी ते उत्तर पुढे ग्रंथरूपाने दिले, आणि त्यासाठी निवडला तो संस्कृत ग्रंथ, नवऱ्याच्याच विद्येच्या भाषेतला. हे त्यांनी हेतुपूर्वक केले असे त्या कुठेही म्हणत नाहीत. वाचणाऱ्याला मात्र हा संबंध दिसल्यावाचून राहत नाही.

इथवर वाचून बंडखोर नायिकेचे चित्र उभे राहत असेल, तर ते अपुरे आहे. याच बहिणाबाईंनी पतिव्रताधर्मावर अभंग लिहिले आहेत. पती हाच देव, त्याची सेवा हाच परमार्थ, अशा आशयाचे. स्त्रीदेह पराधीन, वेदांचा अधिकार नाही, मग या देहाने परमार्थ साधावा कसा, असा खेद त्यांनी केला आहे आणि त्याच लेखणीने पतीच्या आज्ञेत राहण्याचा निर्धारही केला आहे. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८२ मध्ये बहिणाबाईंवर लिहिलेल्या लेखात पत्नी आणि संत या दोन भूमिकांमधील ताण हाच विषय घेतला होता. मारणाऱ्या नवऱ्याला देव म्हणणे ही शरणागती होती, टिकून राहण्याची युक्ती होती, की मनापासूनची श्रद्धा होती? यांपैकी एकच निवडण्याचा मोह टाळलेला बरा. घर सोडून जायला दुसरे घर नाही, माहेरही त्याच छपराखाली आश्रित, पोटात मूल. अशा स्थितीत स्त्री जे लिहील त्यात धग आणि आज्ञाधारकता एकाच वेळी सापडणारच. हिंसेतून वाचलेल्यांच्या कथनात असा अंतर्विरोध असणे हा त्या कथनाच्या खोटेपणाचा पुरावा मानू नये. न्यायालयांत आणि घराघरांत तो तसा मानला गेला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगायचे.

बहिणाबाईंच्या शेजारी कऱ्हाडच्या सखूला ठेवून पाहावे. संत सखूची कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. सासरचा छळ, पंढरीला जाऊ नये म्हणून खांबाला बांधून ठेवणे, आणि मग विठ्ठलाने सखूचे रूप घेऊन तिच्या जागी स्वतःला बांधून घेणे. प्रभात कंपनीने १९४१ मध्ये त्यावर चित्रपट काढला तेव्हा प्रेक्षकांना कथा नव्याने सांगावी लागली नाही. परंतु ही कथा सखूविषयी इतरांनी सांगितलेली आहे. तिच्यात सुटका बाहेरून येते, देव दोर सोडतो. बहिणाबाईंच्या कथनात देव दर्शन देतो, गुरू मंत्र देतो, पण दोर कोणी सोडत नाही. ते सांगण्याचे बळ तेवढे मिळते.

बहिणाबाई ब्राह्मण होत्या, कीर्तनश्रवणाने बहुश्रुत झाल्या होत्या, संतमंडळींच्या वर्तुळात पोहोचल्या होत्या. ज्यांना यांतले काहीच लाभले नाही अशा लाखो बायांचे काय? त्यांच्यासाठी घरात एक जागा होती. ती जागा म्हणजे जाते.

दळण पहाटेचे काम. कोंबडा आरवण्याआधी, घरातले पुरुष झोपेत असताना, अंधारात किंवा मिणमिणत्या दिव्यात. दोन बाया समोरासमोर बसत, कधी जावाजावा, कधी नणंदभावजया, कधी शेजारणी. खुंट्यावर दोघींचे हात. एकीने मुठीने दाणे जात्याच्या तोंडात टाकायचे, दोघींनी ओढायचे. ओवी त्या ओढीच्या तालावर जन्म घेई. एकीने म्हटलेली ओळ दुसरीने उचलायची, थोडी बदलायची, पुढे न्यायची. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण आज प्रसंगावधानाबद्दल वापरली जाते, पण मुळात ते शब्दशः वर्णन आहे. हात फिरू लागल्याशिवाय शब्द येत नसत.

या जागेचे काही गुण ध्यानात घ्यावेत. दगडाची घरघर इतकी असे की ओसरीवर निजलेल्याला स्वर ऐकू जाई, शब्द नीट लागत नसत. काम चालू असल्यामुळे कोणी ‘गप्प बैस’ म्हणू शकत नसे, कारण दळता दळता गाणे हीच रीत होती. पहिल्या ओव्या देवाच्या, मग आईबापाच्या, भावाच्या, आणि मग हळूच सासरच्या. ओवीतला विषय बोचरा झाला तरी बचाव तयार असे. ही काही माझी ओवी नव्हे, आजी म्हणायची, आई म्हणायची, सगळ्याच म्हणतात. आपल्या पाठीवरचा वळ ‘सगळ्यांची ओवी’ म्हणून सांगण्याची ही सोय होती. आणि अनेकदा ती ओवी खरोखरच सासूच्याही सासूने म्हटलेली असे. जिच्याविरुद्ध गाऱ्हाणे, तिचीही तीच ओवी कधीकाळी होती, हा या परंपरेतला कडवट भाग.

ओव्यांत ‘हिंसा’ हा शब्द येत नाही. त्या काळच्या बोलीत सासुरवास, जाच, गांजणूक असे शब्द होते. ‘कौटुंबिक हिंसाचार’ ही संज्ञा आपण वापरू लागलो ती अगदी अलीकडे. भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलम आले १९८३ मध्ये, आणि घरातल्या हिंसेपासून संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा झाला २००५ मध्ये, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. कायद्याला शब्द सापडण्याच्या कितीतरी पिढ्या आधी ओवीने त्या अनुभवाचे सर्व प्रकार नोंदवून ठेवले होते. अर्धपोटी ठेवणे, माहेरी न धाडणे, टोमणे, मूल नसल्यावरून छळ, सवत आणणे, मार. कायद्याच्या व्याख्येत शारीरिक हिंसेबरोबर मानसिक, शाब्दिक आणि आर्थिक छळही येतो. ज्या बाईने आयुष्यात कोर्टाची पायरी चढली नाही तिच्या ओव्यांत हे सारे आधीच होते.

ऐकणारे कोण? अनेक ओव्या भावाला उद्देशून असतात, जो दूर आहे आणि बहुधा कधी ऐकणार नाही. काही थेट जात्याला. जात्याला देव मानून, कधी भाऊ मानून त्याच्यापाशी मन मोकळे करणे, हा ओव्यांतील वारंवार येणारा भाव आहे. दगडाला सांगितलेले तो कुणाला सांगत नाही. पण समोर खुंटा धरून बसलेली दुसरी बाई सगळे ऐकत असे, आणि पुढची ओळ म्हणून ‘ऐकले’ एवढे कळवतही असे. तिला सल्ला द्यावा लागत नसे, कीव करावी लागत नसे.

जाते हे एकच ठिकाण नव्हते. आश्विनात हस्ताचा पाऊस पडू लागला की पाटावर हत्ती काढून त्याभोवती मुली फेर धरीत, तो भोंडला किंवा हादगा. त्या गाण्यांतली सून माहेरी जायला परवानगी मागते आणि सासू, सासरा, दीर, नणंद तिला एकमेकांकडे पाठवत राहतात. गाणे हसतखेळत म्हटले जाते, गाणाऱ्यांत कित्येकींचे लग्न व्हायचे असते. हिंसेची पूर्वसूचना खेळातून देणारी अशी गाणी मुलींच्या वाट्याला का यावीत, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

या साऱ्या धनाकडे सुशिक्षितांचे लक्ष उशिरा गेले. साने गुरुजींनी गावोगावच्या बायांकडून ओव्या मिळवून ‘स्त्री जीवन’ हा संग्रह १९४० च्या सुमारास सिद्ध केला. सरोजिनी बाबर आणि दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला प्रतिष्ठा दिली. सर्वांत मोठे काम मात्र पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दांपत्याचे. पुणे जिल्ह्याच्या मुळशीसारख्या डोंगरी भागात गरीब कष्टकऱ्यांमध्ये संघटनेचे काम करता करता त्यांनी ओव्या गोळा करायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या सुमारे हजार गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. संगणकतज्ज्ञ आणि संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांचा संग्रह उभा राहिला. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले. तो संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने २०१७ पासून लोकांपुढे आणला. या कामाचा एक विशेष असा की ते संघटनेच्या कामातून निघाले. गावातल्या बायांना एकत्र बसवायचे तर बोलायचे कशावर, याचे उत्तर ओवीत मिळाले. जे सभेत सांगता येत नव्हते ते गाता येत होते.

या सगळ्याला ‘उपचार’ म्हणावे काय? तो शब्द विसाव्या शतकात आला. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयरोगातून उठताना रुग्णालयात चित्रे काढत असे. त्या अनुभवावरून ‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा त्याने १९४२ मध्ये रूढ केली. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातल्या आघाताविषयी लिहायचे. घडले ते आणि वाटले ते, दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिताना त्रास झाला, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. घटना आणि भावना एकत्र गुंफणे हे त्यात महत्त्वाचे होते. बहिणाबाईंचे अभंग नेमके तेच करतात.

परंतु तुलना इथे थांबवायला हवी, कारण एक मोठी उणीव राहते. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिला सुरक्षिततेचा, दुसरा आठवून शोक करण्याचा, तिसरा पुन्हा माणसांशी जोडले जाण्याचा. पहिला टप्पा नसेल तर पुढचे डळमळीत राहतात. ओवी गाणाऱ्या बाईला दुसरा आणि तिसरा टप्पा काही अंशी मिळाला. पहिला मिळाला नाही. दळण आटोपले की तिला त्याच घरात, त्याच माणसासमोर ताट वाढायचे होते. ओव्यांत सोसण्याचा उपदेश भरपूर आहे, लेकीला दिलेला, माहेरचे नाव राखण्यासाठी. जी ओवी व्यथा मोकळी करते तीच ती बाईला घरात टिकवूनही ठेवते. मन हलके झाले म्हणून आणखी एक दिवस निघाला, असा तिचा उपयोग झाला असेल, तर तो कोणाच्या फायद्याचा होता हेही विचारावे लागते. लोककलेचे कौतुक करणाऱ्या लेखनात हा प्रश्न बहुधा वगळला जातो.

हीच सामग्री, म्हणजे बाईच्या वाट्याचे घरकाम, घराबाहेर आणली तर काय होते, याचे एक उदाहरण दूरचे आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या केप कॉड भागात, हायनिस गावी, काही स्त्रियांनी चौकात कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि तिच्यावर ३१ सदरे टांगले. प्रत्येक सदरा हिंसा सोसलेल्या एकेका स्त्रीने स्वतः रंगवलेला, त्यावर तिला हवे ते लिहिलेले. जी जिवंत राहिली नाही तिच्यासाठी तिच्या माणसांनी पांढरा सदरा रंगवायचा. धुणे वाळत घालता घालता कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलणे, ही तिथल्या बायकांची जुनी रीत. जात्यासारखीच. फरक एवढाच की इथे दोरी अंगणातून चौकात आली, येणाराजाणारा ती वाचू लागला. पुढे ही कल्पना अनेक देशांत पोहोचली. सदऱ्यांसमोर उभे राहणाऱ्यांत मदत देणाऱ्या संस्थांची माणसेही असतात, आणि रंगवणारीला घरी परत जायचे नसेल तर कुठे जाता येईल हे सांगणारेही. जात्यापाशी हे कोणी नव्हते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बायांच्या हातांवरचे ओझे उतरले आणि याबद्दल हळहळण्याचा अधिकार कधीच न दळलेल्यांना नाही. ज्या बाया त्या काळातून आल्या त्यांना विचारले तर त्या जाते परत मागणार नाहीत. गेली ती पहाटेची समोरासमोर बसण्याची जागा, आणि तिच्याऐवजी दुसरी जागा आपोआप तयार झाली नाही. बचत गटांच्या बैठका काही ठिकाणी ती जागा घेऊ लागल्या. कुठे घेतल्या, कुठे कर्जाच्या हप्त्यांपलीकडे बोलणे गेले नाही.

बहिणाबाईंचे नंतरचे आयुष्य शिऊरला गेले. वृद्धापकाळी, मृत्यू जवळ आला असता, त्यांनी मुलगा विठोबा याला बोलावून आपले आधीचे बारा जन्म सांगितले, असे त्यांच्या गाथेत आहे. हा तेरावा जन्म. आत्मनिवेदनाचे अभंग गाथेबरोबर टिकले. १९२९ मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर पुण्यातून प्रसिद्ध केले, आणि १९९१ मध्ये सूझी थारू व के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या संग्रहात त्यांना स्थान मिळाले. अकरा वर्षांच्या मुलीला कोल्हापुरात बसलेला मार त्यामुळे आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात वाचता येतो. तिला मारणाऱ्याने स्वतःविषयी काय सांगितले असते, ते मात्र कुठेच नोंदलेले नाही. त्याचे रागावणे, त्याचा ताप, त्याचे पालटलेले मन, सारे आपल्याला कळते ते बहिणेच्याच शब्दांत.